मृगात मृग का दिसत नाही? — संगणकाच्या साह्याने तारे ओळखण्याचा पाठ

मृग नक्षत्र कधी लागते हे आपल्या जिल्ह्यात शाळेचे तोंड न पाहिलेल्या पोरासही ठाऊक असते. जूनची ७ किंवा ८ तारीख आली की बियाणे बाहेर निघते, पाभरीचे फण तपासले जातात आणि सर्वांचे डोळे पश्चिमेकडे लागतात. रोहिणी बरसल्या की कोरड्या गेल्या, आर्द्रा कशी जाईल, उत्तरेने हात दिला नाही तर हस्ताने तरी द्यावा, अशी बोलणी पारावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. नक्षत्रांची नावे इतकी तोंडी असणारा धंदा शेतीवाचून दुसरा नसेल. तथापि ज्या ताऱ्यांवरून ही नावे पडली ते तारे बोटाने दाखवा म्हटले, म्हणजे मात्र बहुतेकांची अडचण होते. मंडळाच्या एका बैठकीत आम्ही हा विषय सहज काढला, तेव्हा एका वयोवृद्ध बागाईतदारांनी आम्हांसच उलट विचारले, “मृगाच्या दिवसांत उभ्या रात्री दारे धरली, पण मृग काही कधी दृष्टीस पडला नाही. तो तेव्हा जातो तरी कोठे?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर शब्दांनी देता येते, परंतु शब्दांनी ते पटत नाही. ते डोळ्यांनी पाहावे लागते. आणि खरी गंमत अशी की, ते उघड्या डोळ्यांनी दिसणे शक्यच नाही. कारण त्या दिवसांत मृग भर दिवसा, सूर्याच्या सोबतीने आकाशात असतो. ही अडचण दूर करणारे एक साधन हल्ली विनामूल्य मिळते. ते कसे वापरावे, त्यापासून शेतकऱ्याने काय शिकावे आणि कोणत्या गोष्टीची अपेक्षा त्यापासून करू नये, हे या पाठात सांगण्याचा आमचा विचार आहे.

साधनाचे नाव स्टेलेरियम. फाब्यां शेरो नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने २००० साली त्याची रचना आरंभिली. पुढे निरनिराळ्या देशांतील पुष्कळ लोकांनी आपखुशीने श्रम करून ते वाढविले. संगणकावर चालणारे हे सॉफ्टवेअर म्हणजे पडद्यावरचे आकाशच होय. ते कोणीही घ्यावे, कोणासही नकलून द्यावे, किंबहुना त्याची आतील घडण उघडून पाहावी व सुधारावी, अशी त्याच्या कर्त्यांनी लेखी परवानगी दिलेली आहे. त्यामुळे एका शाळामास्तराने ते एकदा उतरवून घेऊन पेनड्राइव्हवरून दहा गावांत वाटले, तरी त्यात गैर असे काही नाही. उतरवून घेतेवेळी इंटरनेट लागते. पुढे ते नसले तरी काम अडत नाही. मळ्यातील घरी तारेचा व लहरींचा दोहोंचा भरवसा नसतो, हे ध्यानात घेता ही सोय लहान नव्हे. मुलांच्या शिक्षणासाठी घरोघर लॅपटॉप आलेले आहेत. त्यांपैकी साधारण कोणताही पुरतो. यंत्र फार जुने असून नवी आवृत्ती चालत नसेल, तर एखादी जुनी आवृत्ती घालावी. आकाश तेच आहे.

पूर्वी हे ज्ञान पुस्तकांवरून मिळवीत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहून मराठी वाचकांस रात्रीच्या आकाशाची गोडी लावली, त्यास आता शंभरांहून अधिक वर्षे लोटली. पुण्यास १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी लोकांस आकाश दाखविण्याचे काम करीत आली आहे. पुस्तकातील नकाशाची उणीव एवढीच की तो हलत नाही. तो एका ठराविक रात्रीचा, ठराविक तासाचा असतो. आणि शेतकरी रात्री दोन वाजता पाण्यावर उभा असेल, तर नकाशातील आकाश आणि डोक्यावरचे आकाश यांचा मेळ त्यास लागत नाही. स्टेलेरियममध्ये तारीख आणि तास आपण सांगावयाचा, आकाश आपोआप तसे होते.

प्रथम ठिकाण ठरवावे. याविषयी आमचीच फजिती सांगतो. फेब्रुवारीतील एका रात्री नऊच्या सुमारास आम्ही चारपाच जण लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसलो. सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून घातलेले, इंटरनेट नव्हते. दक्षिणेस अगस्त्याचा ठळक तारा समोर लखलखत होता. तो पडद्यावर काढावा म्हणून आम्ही पडदा दक्षिणेकडे फिरविला, पण अगस्त्य काही सापडेना. ध्रुव पाहिला, तर तो पडद्यावर जवळजवळ पन्नास अंश उंच चढून बसलेला; आमच्या गच्चीवरून मात्र तो कडुनिंबाच्या शेंड्याशी टेकलेला. आम्ही शहाणपणाने यंत्रास दोष देऊन मोकळे झालो. शेवटी एका कॉलेजातील मुलाने दाखविले की, यंत्रास कोणी ठिकाणच सांगितलेले नव्हते, आणि न सांगितल्यास ते आपण पॅरिसास आहो असे धरून चालते! पॅरिस शहर सुमारे ४९ अक्षांशावर आहे. तेथून अगस्त्य जन्मात क्षितिजावर येत नाही. पडद्यावर जे हिरवे शिवार दिसते, तेही फ्रान्सातील एका खेड्याचे आहे, हे आम्हांस मागाहून कळले.

या फजितीने एक धडा मात्र फुकटात दिला. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची तीच त्या गावाच्या अक्षांशाची संख्या. नगर शहर सुमारे १९.१ उत्तर अक्षांशावर व ७४.७ पूर्व रेखांशावर आहे. म्हणून आपल्याकडे ध्रुव एकोणीस अंशांवर दिसतो. हात पुढे ताठ करून मूठ धरली असता ती आकाशाचा साधारण दहा अंशांचा भाग झाकते. उत्तर क्षितिजापासून मुठीवर मूठ अशा दोन मुठी मोजाव्या. दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेशी जो मध्यम तेजाचा, एकटा तारा दिसेल तो ध्रुव.

ठिकाण सांगण्यासाठी कळफलकावरील ‘एफ ६’ ही कळ दाबावी, म्हणजे एक चौकट उघडते. तीत गावांची यादी आहे. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. यादीत ते न सापडल्यास अहमदनगर या जुन्या नावाने पाहावे. त्याहून बरे म्हणजे आपल्या गावाचे अक्षांश व रेखांश स्वतः भरावे. ते मोबाइलवरील नकाशात मिळतात. वेळ भारतीय प्रमाणवेळेची आहे ना, हेही तेथेच पाहून घ्यावे. नंतर ही जागा कायमची म्हणून ठरवून टाकावी, म्हणजे पुनः पॅरिसास जाण्याचा प्रसंग येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘एफ ५’ कळ दाबली असता तारीख व वेळ यांची चौकट उघडते. तीत ८ जून ही तारीख व सकाळी नऊची वेळ घालावी. माउसने पडदा पूर्वेकडे फिरवावा. सूर्य क्षितिजापासून चार मुठींवर चढलेला दिसेल आणि भोवती निळे आकाश असेल; तारा एकही नाही. आता इंग्रजी ‘ए’ अक्षराची कळ दाबावी. हिने वातावरण नाहीसे होते. निळा प्रकाश जो पसरतो तो हवेमुळे; हवाच काढून टाकली म्हणजे भर सकाळी, सूर्य समोर असताना, सगळे तारे उघडे पडतात. बैठकीतील आमच्या त्या वडीलधाऱ्या मित्रांस आम्ही हे दाखविले, तेव्हा ते क्षणभर काही बोललेच नाहीत.

‘सी’ आणि ‘व्ही’ या कळांनी ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषा व त्यांची नावे उमटतात. सूर्याच्या उजव्या अंगास, किंचित वर, तांबूस असा एक ठळक तारा दिसेल, तो रोहिणी. सूर्य स्वतः वृषभाच्या शिंगांमध्ये सापडलेला असतो. आणि त्याच्या उजवीकडे, खालच्या बाजूस, सुमारे तीन मुठी अंतरावर चार ताऱ्यांचा चौकोन व त्याच्या पोटात एका ओळीत तीन तारे दिसतील. हाच मृग. त्या तीन ताऱ्यांस आपल्याकडे तिकांडे म्हणतात. मृग कोठेही गेलेला नसतो. तो सकाळी सूर्याच्या पाठोपाठ उगवतो, दिवसभर त्याच्याबरोबर चालतो आणि सायंकाळी त्याच्या आगेमागे मावळतो. रात्री आपण दारे धरतो तेव्हा तो पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस असतो. तो रात्रभर पाहावयाचा तर सहा महिने थांबून डिसेंबरात पाहावा.

चौकस वाचक येथे शंका काढील की, सूर्य तर मृगाच्या चौकोनात नाहीच. मग मृग लागला असे का म्हणावयाचे? शंका रास्त आहे. सूर्य ज्या वाटेने वर्षभर फिरताना दिसतो त्या वाटेचे आपल्या पूर्वजांनी सत्तावीस समान भाग पाडले. प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा. त्या भागाजवळ जो ओळखू येणारा तारा अथवा पुंजका, त्याचे नाव भागास दिले. मृगशीर्ष म्हणजे हरणाचे डोके. चौकोनाच्या वरच्या अंगास तीन बारीक तारे आहेत, ते हे डोके. ते ज्या भागाच्या समोर पडते, त्या भागात सूर्य शिरला म्हणजे मृग लागला. सूर्य दिवसास सुमारे एक अंश सरकतो, म्हणून एक नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालते. स्वल्पविरामाची कळ दाबली असता सूर्याची ही वाट पडद्यावर रेघेने उमटते. तारीख एकेक दिवस पुढे करीत गेल्यास सूर्य त्या रेघेवरून रोहिणीपासून मृगासमोर, तेथून आर्द्रेकडे सरकताना दिसतो. आर्द्रा लागते २१ अथवा २२ जूनला. बारा पावसाळी नक्षत्रांचा सगळा प्रवास पाच मिनिटांत होतो. आमच्या मते या सॉफ्टवेअरचा शेतकऱ्यास सर्वांत मोठा उपयोग हा की, नक्षत्र म्हणजे आकाशातील सूर्याचे गाव होय, दुसरे तिसरे काही नाही, हे तो स्वतः पडताळून पाहू शकतो.

आणखी एक पडताळा घ्यावा. तो अधिक महत्त्वाचा आहे. आपल्या जिल्ह्यातील नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. चौकटीत ते साल घालावे, आणि आज ८ जूनला सूर्य ताऱ्यांमध्ये ज्या जागी असतो त्याच जागी तो तेव्हा कधी होता, ते तारीख मागेपुढे करून शोधावे. मे महिन्याची २१-२२ तारीख येईल. यांतील सहासात दिवसांचा फरक कालगणनेच्या पद्धतीचा आहे. १५८२ पूर्वीच्या तारखा हे सॉफ्टवेअर जुन्या ज्युलियन पद्धतीने दाखविते. तो वजा टाकला तरी दहा-अकरा दिवस उरतात, आणि ते खरे आहेत. पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या दांड्याप्रमाणे अत्यंत सावकाश डोलतो. त्यामुळे ऋतूंच्या मानाने नक्षत्रांची सुरुवात दर ७२ वर्षांस सुमारे एक दिवस पुढे जाते. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी मृग लागत असे तो आजच्या हिशेबाने मेच्या २८ तारखेच्या सुमारास. आणखी साडेनऊशे वर्षांनी ८ जूनला मृग न लागता रोहिणी लागेल.

पाऊस मात्र नक्षत्राबरोबर सरकत नाही. तो सूर्याच्या उत्तरायणाशी, तापलेल्या जमिनीशी आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याशी बांधलेला आहे. मृगाने पाऊस आणला असता, तर नेवाशाच्या त्या काळी तो दहा दिवस अगोदर यावयास पाहिजे होता. मृग हे पावसाचे कारण नव्हे. ते तारखेचे नाव आहे. आणि तारखेचे नाव म्हणून ते फार उत्तम आहे, हे आम्ही आवर्जून सांगतो. तिथीचे महिने चांद्र असल्यामुळे ज्येष्ठ कधी लवकर येतो कधी उशिरा, अधिक महिना आला तर हिशेबच चुकतो. उलट नक्षत्र सूर्याचे असल्यामुळे दरवर्षी त्याच तारखेस येते. ज्यांच्या घरी दिनदर्शिका नव्हती त्या आपल्या पूर्वजांनी पेरणीची गणना चंद्रावर न ठेवता सूर्यावर ठेविली, यात त्यांची विलक्षण जाण दिसते. त्यांस हसणाऱ्यांपैकी आम्ही नव्हेत.

परंतु जेथे हानी होते तेथे स्पष्ट बोललेच पाहिजे. मृग लागला एवढ्यावरून, अथवा मृगाची पहिली सर पडली एवढ्यावरून, कोरडवाहू जमिनीत चाडे धरणारे लोक आजही आहेत. पुढे पंधरा दिवस उघाडी पडली की उगवलेले करपते, आणि दुबार पेरणीसाठी पुनः बियाणे आणावे लागते, तेही उसनवारीने. पंचांगात नक्षत्राचे वाहन दिलेले असते: हत्ती, बेडूक, कोल्हा, गाढव, मोर इत्यादी. सूर्याचे नक्षत्र व त्या वेळचे चंद्राचे नक्षत्र यांमधील मोजणीस नवाने भागून जी बाकी उरते तीवरून हे वाहन ठरते. त्यात वाऱ्याचा, ढगाचा अथवा ओलीचा काही संबंध नाही. वाहन बेडूक निघाले म्हणजे ते अकोल्याच्या घाटमाथ्यावरही बेडूक आणि कर्जत-जामखेडासही बेडूकच. घाटघर-रतनवाडीकडे वर्षास हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस व दक्षिणेस पाचसहाशे मिलिमीटरांवर भागवावे लागते. दोहोंच्या डोक्यावर मृग तोच. १९७२ साली मृग ठरल्या दिवशीच लागला होता. त्या वर्षी काय झाले हे ज्यांनी खडी फोडली त्यांस विचारावे.

यास्तव पेरणीची गोष्ट आकाशावर न सोपविता जमिनीस विचारावी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल झाल्यावाचून कोरडवाहू पेरणी करू नये, असे कृषिखाते सांगत असते, आणि ते बरोबर आहे. नक्षत्र लागले म्हणजे तयारी करावी. चाडे मात्र ओल पाहून धरावे. रब्बीच्या ज्वारीस हस्ताचा पाऊस आपल्याकडे किती मोलाचा हे सांगणे नको. हस्त लागतो २७ सप्टेंबरच्या सुमारास. या भागात सप्टेंबर हाच पुष्कळदा भरवशाचा महिना ठरतो, म्हणून हस्ताची कीर्ती. कीर्ती महिन्याची आहे, हत्तीची नव्हे.

असो. दिवसाचे आकाश झाले, आता रात्रीचे. शेतीपंपाची वीज कित्येकदा रात्रपाळीने येते, त्यामुळे इच्छा असो नसो, शेतकरी जागा असतो. त्या जागरणात घड्याळ खिशात असले तरी आकाशाचे घड्याळ वाचता येणे हा एक आनंद आहे. पूर्वी मोटेवर जाणारे लोक तिकांड्यावरूनच वेळ ओळखीत. ते कसे, हे सॉफ्टवेअरवर चांगले समजते. डिसेंबरच्या १४ तारखेस तिकांडे आपल्या येथे बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर, म्हणजे सर्वांत उंच, येते ते रात्री साडेबारा वाजून गेल्यावर. जानेवारीच्या १४ तारखेस ते तेथे साडेदहाच्या सुमारास येते; फेब्रुवारीच्या १४ तारखेस साडेआठास. अर्थात महिन्यास सुमारे दोन तास, दिवसास चार मिनिटे, तारे लवकर येत जातात. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे हे होते. महिना आणि तिकांड्याची जागा ठाऊक असेल तर वेळ पाऊण तासाच्या आत सांगता येते. एक आठवडा रोज संध्याकाळी पडद्यावर पाहून, मग बाहेर जाऊन पडताळावे. आठव्या दिवशी पडदा लागत नाही.

वेळेचाच विषय निघाला म्हणून सांगतो. आपले घड्याळ ८२.५ रेखांशावरील वेळ दाखविते. नगर त्याच्या पश्चिमेस पावणेआठ अंश आहे, आणि एका अंशास चार मिनिटे. म्हणून आपला सूर्य सरासरीने घड्याळाच्या बारा वाजता माथ्यावर न येता साडेबाराच्या सुमारास येतो; नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबारास, फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण वाजता. मेच्या १६ तारखेच्या आसपास नगरास भर मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. यंत्रात सूर्याची उंची त्या वेळी जवळजवळ नव्वद अंश दिसेल; अंगणात काठी रोवून मुलांकडून ते करवून घ्यावे. जुलैअखेरीस पुनः असा दिवस येतो, पण तेव्हा ढग बहुधा पाहू देत नाहीत.

उत्तरेकडील सप्तर्षींस आपल्याकडे कोणी बाज म्हणतात, कोणी खाटले. ते उन्हाळ्याच्या रात्री चांगले दिसतात. पडद्यावर काळाची गती वाढविण्यासाठी ‘एल’ ही कळ दोनतीनदा दाबावी, मग ही बाज ध्रुवाभोवती गरगर फिरताना दिसते आणि ध्रुव जागचा हलत नाही. गती पूर्ववत करण्यास ‘के’, व चालू क्षणास परतण्यास ‘८’ ही कळ आहे. ‘एफ ३’ने शोधाची चौकट उघडते, तीत ताऱ्याचे इंग्रजी नाव लिहावे लागते, ही आम्हांस एक उणीव वाटते. ‘एफ ४’च्या चौकटीत निरनिराळ्या देशांच्या आकाशपरंपरा निवडता येतात, त्यांत भारतीयही आहे. खात्री पटविण्यासाठी एखादी स्वतः पाहिलेली घटना काढावी. २१ डिसेंबर २०२० रोजी सायंकाळी पश्चिमेस गुरू व शनी एकमेकांस चिकटल्यासारखे दिसले होते, ते पुष्कळांस आठवत असेल. ती तारीख घालून पाहावी. यंत्र खरे बोलते की खोटे हे तेथल्या तेथे कळते.

काही सूचना अनुभवाने सुचलेल्या आहेत. पडद्यावरचे आकाश खऱ्याहून फार दाट व फार जवळ भासते. प्रथम नावे व रेषा बंद ठेवून फक्त ठळक तारे जुळवावे. पडद्याच्या उजेडाने डोळे दिपतात आणि पुनः अंधारास सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. यास्तव कंट्रोल व ‘एन’ या दोन कळा एकत्र दाबून पडदा तांबडा करून घ्यावा. मोबाइलवरही याच नावाचे साधन आहे, पण शिकण्यास मोठा पडदा बरा. घरावरील व गोठ्यावरील दिवे तेवढा वेळ मालवावे. आणि सर्वांत मुख्य, आपल्याकडे संगमनेर, राहुरी, अकोले या भागांत बिबट्याचा वावर आहे. तारे पाहण्याच्या भरात उसाच्या कडेस एकट्याने खाली बसू नये. गच्ची, अंगण अथवा मोकळे खळे पाहावे आणि सोबतीस कोणी असावे.

शेवटी ज्या ताऱ्याने आमची फजिती केली त्याविषयी. अकोल्यास प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल; त्याच ऋषींच्या नावाचा तारा पाहिलेले मात्र थोडे. व्याध सोडल्यास रात्रीच्या आकाशात त्याहून तेजस्वी तारा नाही. तो दक्षिणेस इतका खाली फिरतो की आपल्या येथून सर्वांत उंच आला तरी अठराच अंश, म्हणजे दोन मुठींनाही थोडा कमी. उत्तरेस ध्रुव जेवढा उंच, जवळजवळ तेवढाच दक्षिणेस अगस्त्य. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री सव्वानऊच्या पुढे व्याधाच्या खाली साडेतीन मुठींवर तो सापडतो. पावसाळ्यात तो दिवसा असतो. ऑगस्टअखेरीस पहाटे पुनः दिसू लागतो, आणि अगस्त्य उगवला की नद्यांचे पाणी निवळते असे जुने लोक म्हणत, ते तेवढ्यापुरते खरे आहे, कारण तेव्हा पाऊस ओसरणीस लागलेला असतो. सप्टेंबरच्या मध्यास पहाटे पाच वाजता आग्नेय व दक्षिण यांच्यामध्ये, दक्षिणेकडे झुकून, क्षितिजाच्या एका मुठीहून थोडा वर पाहावे. अकोले तालुक्यात दक्षिणेचे डोंगर आड येत असतील, तर आदल्या संध्याकाळी यंत्रात आपले गाव घालून तो डोंगराच्या वर किती वाजता येईल ते काढून ठेवावे, आणि ढग नसतील त्या पहाटे उठावे.